ड्यूटीवाल्याचं पान: पोटाच्या ऑपरेशननंतरची माझी भिलाईची खेप

दुर्ग-बोरसीच्या ताई, उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. मी वहीत लिहितो, नात टाइप करून इथे टाकते. तुमचा निरोप तिने उन्हाळ्यातच वाचून दाखवला होता. तुम्ही विचारलं होतं: माझ्या वडिलांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, आता ते जेवायलाच घाबरतात, तुम्ही कसं निभावलं? मला आधी शंकाच आली. माझ्या पोटात कोणी सुरी चालवली हे दुर्गच्या बाईला कसं कळलं? पावडर विकणारी तर नाही? नातीने दाखवलं की मागच्या लेखात ते मीच लिहिलं होतं. ही खात्री होईपर्यंत पावसाळा गेला.

मी तुमसरच्या धानबाजारात मापारी होतो. शाळा सातवीपर्यंत. आयुष्यभर काट्याकडे कमी आणि काटा धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे जास्त पाहिलं. तो स्वभाव अजून गेला नाही, हे वाचताना ध्यानात ठेवा.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. माझं वजन इतकं वाढलं होतं की गुडघे उचलत नव्हते. मुलाने, दिलीपने, मुंबईला नेऊन पोटाला टाके मारून ते लहान करवलं. त्या काळात असं ऑपरेशन ऐकिवातही नव्हतं. वजन उतरलं, पण जेवण बसेना. दोन घास जास्त झाले की उलटी. मग मी खाणंच टाकलं. केस गळाले, उभं राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोट पुन्हा उघडावं लागेल. त्या वाक्याने माझी झोप गेली.

तेवढ्यात माझी लेक शालू हिचा भिलाईहून निरोप आला. तिच्या सासूबाईंचं अल्सरमुळे अर्धं पोट काढलेलं, तरी त्या वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत, बाबा, येऊन बघून जा. माझ्या मनात आलं, अर्धं पोट काढलेलं हे लग्नाच्या बोलणीत कोणी सांगितलं नव्हतं. आता बरं आठवलं. लेकीला मला बोलवायचं आहे म्हणून रचलेली गोष्ट असणार. तरी निघालो. दुसरा रस्ता होता कुठे?

तुमसर रोडहून सकाळची पॅसेंजर धरली. तुम्ही या बाजूने कधी आलात तर पॅसेंजरनेच या. गर्दी असते, पण सालेकसा सोडल्यावर दोन्ही बाजूंना जंगल लागतं, बोगदा येतो, आणि डोंगरगडची टेकडी खिडकीतून पुरी दिसते. डब्यात एक बाई सीताफळं वाटत होती. मी घेतलं नाही. फुकट का देते?

"खा न बाबा, घरच्या झाडाचे हैत," ती म्हणाली.

"पोटाचं ऑपरेशन झालंय," मी म्हणालो.

"तो डब्बा क्यों पकड़े बैठे हो छाती से?" समोरचा माणूस म्हणाला, आणि सगळे हसले.

डब्यात बायकोने दिलेली मऊ खिचडी होती. दोन घासांत पोट भरलं. पण डबा उघडला की संपवायचा, पानात टाकायचं नाही, हे आमच्या आईने पाठीवर हात ठेवून, कधी मारून शिकवलेलं. धान मापताना सांडलेला दाणासुद्धा मी वेचून घेत असे. डबा संपवला. राजनांदगावला फलाटावरच्या नळाशी सगळी खिचडी बाहेर आली.

दुपार उलटून गेल्यावर भिलाई पॉवर हाऊसला उतरलो. शालूचं घर कैंप-1 या कामगारांच्या वस्तीत, तिथून जवळच आहे. सायकलरिक्षावाल्याशी आधी ठरवून बसलो आणि तो लांबून नेतो का हे रस्ताभर पाहत राहिलो. सरळच नेलं त्याने. बाजार, सायकलींची रांग, पत्र्यांवर तांबूस धूळ, आणि मागे प्लांटच्या, म्हणजे पोलाद कारखान्याच्या, चिमण्या.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. अंगाने वाळक्या, आवाज मात्र खणखणीत.

"या जी इवाई. अर्धे राहिले जी तुम्ही तं." व्याह्याला त्यांच्याकडे इवाई म्हणतात.

"तुमचंही अर्धंच आहे म्हणतात," मी म्हणालो.

"कोन म्हनते? शालू? पोरीच्या पोटात काही राहत नाही."

मी ते मनात टिपून ठेवलं. सरळ हो म्हणाल्या नाहीत.

रात्री व्याही आला म्हणून पाटवडीचा रस्सा, कढी, भात, पोळ्या. माझं ताट काठोकाठ. विहीणबाईंचंही तसंच भरलेलं. पाहुण्यासमोर घरच्यांनी अर्धं ताट घेऊन बसायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. पहिला घास घेण्याआधी त्या "कढीले मीठ पाह्यतो" म्हणून ताट घेऊन आत गेल्या आणि परत आल्या. मी माझ्या पोळीशी झगडत होतो. मान वर केली तेव्हा त्यांचं ताट स्वच्छ. अर्धं पोट असलेली बाई एवढं जेवते? मी खोटं पकडलं असं मला वाटलं. रागात आणि लाजेत मीही ताट संपवलं आणि मोरीत जाऊन ओकलो. बाहेर आलो तर विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. तेही मला बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाळत ठेवली. जावई अरुण फर्स्ट शिफ्टला पहाटेच गेले होते. विहीणबाई दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरात जात. झाकणाचा आवाज येई. पुन्हा बाहेर. आमची दुपारची जेवणं झाली, त्यांनी चारच घास खाल्ले, आणि तासाभराने पुन्हा झाकण वाजलं. मी उठून दारात गेलो. त्या पाटावर बसून झाकलेल्या ताटातलं वरण वाटीत घेऊन खात होत्या. ते अरुणचं ताट, असं मी धरलं. शालूने सकाळी त्यांच्यासाठी ताट काढून ठेवताना मी पाहिलं होतं.

"पोरगा भट्टीवर तापतो, आणि त्याच्या वाटचं तुम्ही लपून खाता?" मी म्हणालो.

शालूच्या हातातलं भांडं पडलं. "बाबा, कावून असं बोलून राहिले?"

विहीणबाईंनी घास पुरा चावला. घाई केली नाही. मग फळीवर बोट दाखवलं. तिथे दुसरं एक ताट झाकलेलं होतं.

"थे अरुणचं. हे माहं. मोजून घ्या, मापारी हाय न तुम्ही."

मी खाली बसलो.

"इवाई, या कैंपात ज्याची ड्यूटी असते त्याचं पान आधी काढून ठेवतेत. मंग बाकीचे बसतेत. हो का नाही?"

"हो."

"त्याले कोनी शिळं म्हनते का? टाकलं म्हनते?"

"नाही."

"मंग झालं. माहं अर्धं पोट शिफ्टवर असते. त्याचं पान मी आधीच काढतो, उष्टं व्हायच्या आधी. आता बसलेल्याचं आता, ड्यूटीवाल्याचं मंग. कालबी कढीचं मीठ नाही पाह्यलं, निम्मं ताट इथं काढून आली. तुम्ही तं पाहुने, सारं संपवाले बसले. पोट भरलं तरी ताटाले घाबरता तुम्ही."

तेवढं बोलून त्यांनी उकडलेलं अंडं फोडलं आणि पिवळ्यासकट अर्धं मला दिलं. "हे पहिले. भात मागून. पानी आत्ता नाही, थोड्या वेळानं."

मला त्या क्षणीही वाटलं की या मला शालूसमोर गप्प करायला हे सांगताहेत. पण अंडं पोटात राहिलं. उलटी झाली नाही.

नंतरचे दिवस मी त्यांच्या बरोबरीने जेवलो. बसल्याबरोबर निम्म्याहून जास्त स्वच्छ चमच्याने दुसऱ्या ताटात. आधी डाळ, अंडं, बेसनाचा पोळा, मठ्ठा असं ताकद देणारं, मग भाताचे चार घास. घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा. पाणी जेवणात नाही, मधल्या वेळात घोट घोट. दोन-अडीच तासांनी ड्यूटीवाला परत, झाकण उघडायचं. शालू एकदा म्हणाली, "आमच्या घरात तशीही चूल थांबतच नाही बाबा, तुमच्यानं काय जास्त होनार?"

खरी परीक्षा कुम्हारीला झाली. विहीणबाईंच्या भाच्याकडे बारसं होतं. पॉवर हाऊसहून रायपूरच्या बसने गेलो. बसायला जागा मिळते, पण पुढच्या दाराने चढा, मागे धूळ फार. तिथे यजमान हातात जिलेबीचं ताट घेऊन माझ्यासमोर उभे. "घ्या जी, नाही म्हनाचं नाही."

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून रिकामा डबा काढला आणि माझ्या ताटातलं त्यात भरू लागल्या.

"हे काय मावशी?" यजमान म्हणाले.

"ड्यूटीवाल्याचं."

यजमान लगेच मागे झाले. या भागात ड्यूटीवाल्याच्या वाट्यावर कोणी आग्रह करत नाही. उलट दोन जिलेब्या वरून टाकल्या. "कोन हाय ड्यूटीवर?"

"आमचे इवाई," त्या म्हणाल्या. मंडपभर हसू झालं. मीही हसलो, आणि त्या नादात जिलेबीचा एक तुकडा तोंडात टाकलाच. थोड्याच वेळात छाती धडधडली, घाम फुटला, आडवा झालो. गोडाने असं होतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ते घाबरवण्यासाठी वाटलं होतं.

परत तुमसरला आलो. पहिल्याच दिवशी ताट झाकून ठेवलं तर बायको म्हणाली, "कोन येनार हाय? कोनाले बोलावलं?" तिचा संशय जायला बरेच दिवस लागले. आम्ही दोघं एकाच मातीचे. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत वजन आणि रक्त पाहून पोट उघडायचं नाव काढलं नाही. मी तरी विचारून घेतलं की काही लपवत तर नाही.

विहीणबाई आता नाहीत. ती बाई अर्धं ताट लपवून पूर्ण पाहुणचार करत होती, आणि मी तिला चोर म्हणालो होतो. तिने ते पुढे सगळ्यांना हसून सांगितलं. फळीवर एक झाकलेलं ताट अजून माझं असतं.

ताई, तुमच्या बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच काय खायचं ते ठरवा, माझं ऐकून नको. पण ते प्लांटमध्ये होते असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं घरात पान झाकून ठेवलेलं असेल. त्यांना म्हणा, तेच पान आहे, थोडं आता, बाकीचं शिफ्ट सुटल्यावर. ताट संपवायची भीती असेल तर ती जाईल कदाचित.

तुम्ही खऱ्या आहात की कोण, मला अजून ठाऊक नाही. उन्हाळ्यापासून तुमचा दुसरा शब्द नाही, आणि मी उशीर केला, म्हणून जीव खालीवर होतो. बाकी काही लिहू नका. बाबा जेवले का, एवढंच लवकर कळवा.