दोन टिंबांच्या ओळी

गेल्या शुक्रवारी कोल्हापुरात राजारामपुरीत गेले होते, एक जुनी फ्लॉपी घेऊन. कपाट आवरताना सापडली... मोठी, काळी, हातात धरली की वाकणारी. लेबलवर माझंच कॉन्व्हेंटी वळणाचं अक्षर. नातीला गंमत दाखवू, एवढाच विचार होता.

दुरुस्तीच्या दुकानातले इक्बालभाई माझ्याच वयाचे. फ्लॉपी उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, ही तर म्युझियमात द्यायची वस्तू हाय की! पण बसा. एक म्हातारं मशीन ठेवलंय मी."

म्हातारं मशीन बराच वेळ घरघरलं आणि काळ्या स्क्रीनवर डॉसची ती लुकलुकणारी रेघ आली... मी काही आठवायच्या आतच बोटांनी वर्डस्टार, आमचा तेव्हाचा टायपिंगचा प्रोग्रॅम, सुरू केलं होतं.

लग्नाआधी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत टायपिस्ट होते. ऑफिसात कॉम्प्युटर एकच आणि आम्ही दोघी. सकाळी सुनंदा, दुपारी मी; दोघींची पत्रं याच फ्लॉपीवर, जी नोकरी सोडताना माझ्या सामानातून घरी आली. ती कोडोलीहून एस्टीने यायची. तिने सकाळी टाइप केलेल्या पत्रांचं इंग्रजी मी, कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून, दुपारी तपासायचे आणि प्रिंट काढून साहेबांच्या सहीला ठेवायचे.

वर्डस्टारमध्ये एक सोय होती. ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं दिली की ती ओळ स्क्रीनवर दिसायची, पण कागदावर छापली जायची नाही. ही सोय सुनंदाने शोधली आणि आमचं खाजगी पोस्ट सुरू झालं. तिची सुटी दीडला, मी यायचे दोनला... भेट क्वचितच व्हायची. पण साहेबांच्या गंभीर पत्रांच्या मधोमध, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, तिची ओळ माझी वाट बघत असायची.

".. ए कॉन्व्हेंट, ड्रॉवरात थालीपीठ ठेवलंय. इंग्लिशमधून खा."

मी एकटीच हसायचे. साहेब काचेतून बघायचे... बाईला झालंय काय!

मग एकदा एका पत्रात कास्टिंगचा आकडा चुकला. पंचवीसच्या जागी बावन्न. पत्र सुनंदाचं होतं, पण तिने माझ्या जुन्या पत्रावरच नवा मजकूर चढवला होता, आणि तळाशी टायपिस्ट म्हणून माझीच आद्याक्षरं राहून गेली होती. साहेब माझ्यावर सगळ्या ऑफिससमोर ओरडले. तपासताना तो आकडा माझ्याही नजरेतून सुटला होता, हे मी तेव्हा सोयीस्करपणे विसरले.

दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली, सुनंदा साहेबांना खरं सांगेल म्हणून. तिने सांगितलं नाही. घाबरली असेल... घरात तिची एकटीचीच नोकरी होती. मी तिला एक ओळ लिहिली.

".. चूक कबूल करायला इंग्रजी यावं लागत नाही."

आज ती ओळ लिहितानाही बोटं अडखळतात.

त्यानंतर मी तिच्या फाइली उघडणंच बंद केलं. वर्डस्टारमध्ये फाइल न उघडताही प्रिंट काढता यायची... मेनूत पी दाबा, झालं. जाऊ देत पत्रं तिच्या चुकांसकट, असं म्हणत मी आठवडाभर तेच केलं.

त्या शेवटच्या दुपारी मी दोनला आले, तर सुनंदा गेटजवळच्या बाकावर बसलेली. मांडीवर डब्याची पिशवी. मला बघून ती अर्धवट उठली. मी घड्याळाकडे बघत आत गेले.

माझ्या खिडकीतून गेट दिसायचं. एक एस्टी आली, गेली... ती चढली नाही. दुसरी गेली. तेवढ्यात वॉचमनमामा आत आले. "ताई, ती सुनंदा कवाची बसलीया. तुमच्यासाठी हाय काय?"

"मला काय माहीत, मामा," मी म्हणाले. आणि प्रिंटर सुरू केला.

चारनंतर बाक रिकामा होता. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आलीच नाही. लग्न ठरलं म्हणे. 'एवढी मैत्रीण, पण एका शब्दाने सांगितलं नाही'... पस्तीस वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत आले. घरात सगळ्यांना पाठ आहे.

शुक्रवारी मी त्या दिवसाची फाइल पहिल्यांदा उघडली. पत्राच्या अगदी वर, तीन ओळी.

".. कॉन्व्हेंट, चूक माझीच. आज साहेबांस्नी सांगितलं."

".. माझं लगीन ठरलंय. आजचा दिवस शेवटचा. हितं कुणाला सांगितलं न्हाई, पयलं तुलाच."

".. चारच्या गाडीपर्यंत गेटवर हाय. पत्र तपासायला उघडशीलच की."

मी त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. इक्बालभाईंनी विचारलं, "काय म्हत्त्वाचं हाय काय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी वाकून त्या तीन ओळी वाचल्या. मग म्हणाले, "मग जावा की मॅडम. कोडोली काय लांब हाय व्हय?"

कोडोली लांब नाही. पण ती लग्न होऊन कुठल्या गावी गेली, तिचं आता आडनाव काय, मला ठाऊक नाही. मी कधी कुणाला विचारलंच नाही. रागात होते ना...

निघण्याआधी मी तिच्या ओळींखाली दोन टिंबं दिली आणि लिहिलं, 'सुनंदा, उघडली गं फाइल. उशीर झाला. चुकलं माझं.' बोटांनी सवयीने सेव्हही केलं.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, तीही ओळ कधी छापली जाणार नाही. म्हणून आज इथे लिहिते आहे... सुरुवातीला टिंबं न देता.