बिनरस्त्याची फटफटी

रस्त्याचा राग येणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या आत्याचा नवरा निघाला. माणसाला भाऊबंदांचा राग येतो, साहेबाचा येतो, आमटीत मीठ जास्त पडलं तर बायकोचाही येतो. पण रस्त्याने कुणाचं काय घोडं मारलंय? आतोबांचं मात्र मारलं होतं. नव्या पेठेतून जाताना हा गृहस्थ चांगली खडी दाबलेली सडक सोडून कडेच्या मातीतून चालायचा. सोबत मी असलो तर मलाही ओढायचा. मी तेव्हा नुकताच सोलापुरात शाळामास्तर म्हणून रुजू झालो होतो आणि आत्याच्याच घरी राहत होतो, त्यामुळे माझी एकुलती एक पांढरी धोतरजोडी बाराही महिने गुडघ्यापर्यंत काळी असे. "सडकंवरनं कुणीबी जातंय मास्तर," ते म्हणायचे, "मुलूख बगा की केवढा पडलाय सडकंच्या भायेर. तितं कोन जानार?"

तिथे कोण जाणार, हे आतोबांपुरतं ठरलेलं होतं. तिथे त्यांची फटफटी जाणार होती. गिरणीतली फिटरची पक्की नोकरी सोडून त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडवर स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली होती: 'मोटरसायकल कारखाना. खास बिनरस्त्याच्या मुलखासाठी.' कारखाना म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धुराडं उभं राहतं. इथे धूर निघायचा तो फक्त आत्याच्या चुलीचा, आणि अधूनमधून तिच्या डोक्यातून. यंत्र पुण्याच्या एका लिलावातून आलं होतं, सांगाडा पाण्याच्या नळांचा होता. चाकांवर रबराच्या वरून जुन्या मोटेच्या चामड्याचे जाड तुकडे ओळीने शिवले होते, माती धरून ठेवायला. आणि पेट्रोलची टाकी म्हणजे आत्याचा पितळी डबा. त्यावर 'चि. सौ. कां. हिस लग्नात मामाकडून सप्रेम भेट' ही अक्षरं ठळक कोरलेली होती, ती पुसायला आत्याने सक्त मनाई केली होती. डबा गेला तो गेला, निदान कुणाचा ते तरी जगाला कळू दे, असं तिचं म्हणणं.

मातीचा या माणसाला नादच होता. कुठल्याही गावचा पाहुणा आला की त्याची ख्यालीखुशाली नंतर, आधी त्याच्या वहाणेचा तळ. जेऊरहून माझा एक मित्र आला होता. त्याला दारातच उभं करून आतोबांनी त्याच्या वहाणेची माती नखाने खरवडली, चिमटीत चोळली, आणि "मुरमाड. चाक घसरंल, पर रुतायचं न्हाय," असा निकाल देऊन मग त्याला आत घेतलं. आत्याच्या पुतणीला स्थळ पाहायला गेलो, तर मुलाच्या बापाला यांनी पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. जमीन काळी की तांबडी, आणि पावसात किती दिवस चिकट राहते, एवढंच विचारलं. त्या लोकांचा समज झाला की आमचा शेतीवर डोळा आहे. स्थळ हातचं गेलं.

गाडी चालवायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. ते बसत नसत. धोतराचा काचा मारून, पायांखालच्या दोन लोखंडी दांड्यांवर ताठ उभे राहून ते फटफटी हाकायचे. घोडेस्वार रिकिबीत उभा राहतो तेव्हा खड्डा घोड्याला लागतो, स्वाराला लागत नाही, असं त्यामागचं शास्त्र होतं. गावाबाहेर एकदा मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगराने त्यांना तसं उभं येताना पाहिलं. काठीवर हनुवटी टेकवून त्याने शांतपणे विचारलं, "पावनं, बसायची जागा लई तापलीया व्हय?" आतोबांनी गाडी थांबवून त्याला ते सगळं शास्त्र समजावून सांगितलं. तासभर. मेंढरं तेवढ्यात कुणाच्या तरी ज्वारीत शिरली, आणि शिव्या दोघांनीही वाटून घेतल्या.

एवढं सगळं खरं, पण एक गोष्ट जमत नव्हती आणि तीच मुख्य होती. गावाबाहेर काळ्या रानाचा एक पट्टा होता, पलीकडे ओढा. पाऊस पडून गेल्यावर त्या रानातून ओढ्यापर्यंत गाडी न्यायची, ही आतोबांनी स्वतःच लावून घेतलेली परीक्षा. ती प्रत्येक वेळी मधल्या बाभळीपाशी थांबायची. चाक आणि वरचं चिखलपान, म्हणजे मडगार्ड, यांच्यामध्ये काळी माती अशी गच्च बसायची की चाक फिरायचंच नाही. मग आतोबा काडीने माती उकरत बसायचे आणि मी बाभळीच्या सावलीत वह्या तपासायचो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचं गणित त्या बाभळीखाली नापास झालं आहे. चिखलपान काढून टाका, असं मला सुचलं नाही आणि त्यांनाही नाही. उलट वाजवायचं शिंग, कंदील, गाडी उभी करायचा मागचा लोखंडी घोडा असं काही ना काही ते वाढवतच होते, कारण गाडी म्हटली की ती गाडीसारखी दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

शेवटी आत्याने मुदत घातली. गिरणीतल्या मुकादमाने यांची जागा दसऱ्यापर्यंत मोकळी ठेवायचं कबूल केलं होतं. "दसऱ्यापातूर एक तरी गिऱ्हाईक दावा," ती म्हणाली, "न्हायतर पाटी उतरवा आन् कामावर जावा. मी काय जास्ती मागत न्हाय." खरंच जास्त मागत नव्हती. त्या आठवड्यात कुणाच्याही वहाणेकडे आतोबांनी पाहिलं नाही, तेव्हा मला त्यांची काळजी वाटली. मी माझ्या शुद्ध भाषेत चार ठिकाणी पत्रं लिहिली. माळशिरसकडच्या एका डॉक्टरांचं उत्तर आलं. ते खेड्यापाड्यांतून घोड्यावर फिरत, घोडा म्हातारा झाला होता. दसऱ्याला येऊन गाडी पाहतो आणि पसंत पडली तर घेतो, असं त्यांनी कळवलं.

डॉक्टर एक दिवस आधी आले. म्हणजे खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नसतो. गिरणी बंद, माग बंद, न्हाव्याचा वस्तराही बंद. आता बाकीचे लोक गाडी धुतात, हार घालतात आणि मोकळे होतात. पण आतोबांचं म्हणणं असं की, वरच्यावर हार घालून आतल्या भागांना काय वाटत असेल? म्हणून ते दर खंडेनवमीला पहाटेच सगळी फटफटी शेवटच्या ढिबरीपर्यंत खोलायचे, सतरंजीवर मांडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचे. मग ढिबऱ्या आवळायचे पाने, कानशी, हातोड्या यांची पूजा करून ती हत्यारं झाकून ठेवायचे.

डॉक्टर शेडमध्ये आले, टोपी काढली आणि त्या फुलांच्या ताटव्याकडे पाहत राहिले. "गाडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ही काय," आतोबा म्हणाले, "तुमच्या म्होरंच हाय की."

"उद्या जोडून दाखवतील," मी घाईने म्हणालो.

"उद्या मला थांबता येणार नाही. एका गरोदर बाईचे दिवस भरलेत. संध्याकाळच्या मोटारीने निघायलाच हवं." डॉक्टर भला माणूस होता, त्यांनाही वाईट वाटलं. "पुन्हा कधी जमेल ते सांगता येत नाही."

आतोबा झाकलेल्या पान्यांकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता हे हात घालतील. पण नाही. "आज हत्याराला शिवनार न्हाय," ते हळू म्हणाले. "वर्सभर ती आमचं ऐकत्यात. एक दीस आमी त्यांचं ऐकायचं." आणि पाटी उतरवायला मिळाली म्हणून जिला आनंद व्हायला हवा होता, ती माझी आत्या पुढे आली. सतरंजीपाशी वाकून तिने पहिल्या तुकड्यावरचं फूल उचललं आणि बाजूला ठेवलं. "हत्यारं निजल्यात," ती म्हणाली. "तुमची हातं बी निजलीत का काय?" त्या क्षणी मला माझ्या आत्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी वाटल्याचं आठवत नाही.

फटफटी हे वाहन, हत्यार नव्हे, असं ठरलं आणि ती नुसत्या हातांनी जोडली गेली. ढिबऱ्या बोटांनी आवळल्या. जिथे बोटं पुरेनात तिथे आतोबांनी दात लावले, कारण दात हत्यारांत धरत नाहीत. शेजारचे तेलुगू विणकर माग बंद म्हणून अंगणात बसून कंटाळले होते, ते सुताच्या लडी घेऊन धावले. "सूत क्या हत्यार हाय? सूत तो माल हाय," असं स्वतःच ठरवून त्यांनी यंत्र आणि टाकी ओल्या सुताने अशी काही बांधली की ती सोडवायला पुढे मला दोन दिवस लागले. चिखलपानं, कंदील, शिंग यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचं सूत संपलं.

गाडी आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेल्या रानात उतरली. आतोबा उभे, धोतर खोवलेलं, कपाळावर कुंकू. पहिल्या वीस पावलांत शिंग पडलं. मग कंदील. मग लोखंडी घोडा. मागून आत्या पदराची झोळी करून एकेक वस्तू वेचत चालली होती, हरभरा वेचावा तशी. बाभळीच्या अलीकडे दोन्ही चिखलपानं निखळून चिखलात पडली, आणि मी डोळे मिटले. फटफट मात्र थांबली नाही. डोळे उघडले तर गाडी बाभूळ मागे टाकून ओढ्याकडे चालली होती. अडायला चाकावर काही उरलंच नव्हतं. सगळा चिखल मोकळा होऊन आतोबांच्या पाठीवर उडत होता.

ते परत आले तेव्हा दात सोडून त्यांचं काहीही पांढरं दिसत नव्हतं. लाजून म्हणाले, "पडल्यालं समदं उद्या पक्कं बशिवतो, डाक्टरसाहेब."

"काही बसवू नका," डॉक्टर म्हणाले. "अशीच हवी आहे मला."

"चिखुल अंगावर येतो की."

"घोडा काय अत्तर उडवतो का?"

पाटी उतरली नाही. दसऱ्यानंतर आतोबांनी गाडी स्वतः माळशिरसला पोचवली, अर्थात सडक टाळून, त्यामुळे एका दिवसाच्या वाटेला त्यांना चार दिवस लागले. पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांचं कार्ड आलं. ओढे भरलेल्या दिवसांत, बैलगाडीही निघत नव्हती अशा वस्तीवर ते फटफटीने वेळेत पोचले होते. आई आणि बाळ सुखरूप. मी ते कार्ड वाचून दाखवलं. आतोबांनी पुन्हा वाचायला लावलं, मग पुन्हा. "बाईला दवाखान्यात आनायची पाळी आली आसती तर?" त्यांनी विचारलं. "मागं टेकाया काय न्हाय त्या गाडीला." आणि उठून शेडमध्ये गेले.

दुसऱ्या गाडीवर ते वर्षभर खपले. तिच्या मागे त्यांनी रुंद, पाठ टेकता येईल अशी बैठक केली, आत्याच्या जुन्या लुगड्यांची गादी शिवून. ती तपासायला रोज माणूस लागायचा आणि तो माणूस मी असायचो. शाळा सुटली की मला गादीवर निजवल्यासारखं बसवून ते त्या काळ्या रानातून गाडी न्यायचे, अगदी हळू, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः खाली बसून. दर दहा हातांवर मागे वळून विचारायचे, "हिसका बसला का वो मास्तर? खरं सांगा, बाळंतीन हाय मागं." ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या हाडांची एवढी काळजी पुन्हा कुणी केली नाही. हिसके तर सारखेच बसत होते, पण मी दरवेळी "नाही" म्हणायचो, आणि ते आणखी थोडी हळू करायचे.