बोंबलांच्या पुडीतलं चरित्र

आमच्या घरात पुस्तकं यायची ती बोंबलांसाठी. आई डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकायची आणि पुड्या बांधायला तलासरीच्या रद्दीवाल्याकडून रद्दी घ्यायची. त्यात गुजराती पाककृती असायच्या, हिमालयाची प्रवासवर्णनं, कुठल्याशा बुवांची प्रवचनं. पान फाटायच्या आत मी ते वाचून काढायचे. आई म्हणायची, "वाच लवकर, गिऱ्हाईक उभं हाय."

एकदा समुद्री चाच्यांची कादंबरी आली. नायक बुडत्या गलबताच्या डोलकाठीवर चढला, खाली चाचे सुरे घेऊन उभे, आणि पुढची पानंच नव्हती! त्याचं काय झालं असेल, या विचाराने मला धड झोप लागेना.

पानांच्या माथ्यावर छापलेलं नाव पाठ करून मी वाचनालयात गेले. जाताना नळावर हात घासून धुतले. अध्यक्ष स्वतः टेबलाशी बसले होते. मागच्या कपाटात कादंबरी मला दिसतही होती.

"तू मासळीबाजारात बसतेस ना?" ते म्हणाले. "हातांना वास येतो तुझ्या. पुस्तकं खराब होतील."

पेपर वाचणारे हसले. याच माणसाच्या घरी आमचे बोंबील जायचे. ते मात्र चालत होते. मी त्यांना माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

आता आईच्या जागी मासळीच्या पाटीवर मी बसते. गेल्या वर्षी रद्दीत अध्यक्षांचं चरित्र आलं, गठ्ठेच्या गठ्ठे, नवंकोरं. सत्काराला फुकट वाटलेलंही कोणी घरी नेलं नसावं. टिंगल करायची म्हणून एक प्रत उघडली, आणि सांगायला जिवावर येतं, पण पुस्तक चांगलं निघालं. शेवटच्या प्रकरणात होतं की रानशेतहून अनवाणी आलेल्या या मुलाला, पाय चिखलाचे म्हणून, कोणी पुस्तकांना हात लावू दिला नव्हता. म्हणूनच त्यांनी पुढे वाचनालय काढलं. मला दया यायला हवी होती. माझं डोकंच फिरलं.

सगळ्या प्रतींचं ते प्रकरण मी फाडलं. त्या पानांचा एक संच ठेवून बाकीची चुलीत घातली. उरलेलं चरित्र सुकटीबरोबर विकायला काढलं.

परवा ते स्वतः आले, काठी टेकत. पुडीवर आपलाच फोटो पाहून थबकले.

"बाई, आणखी आहे का हे? घरातल्या प्रती वाळवीने खाल्ल्या. नातीला वाचायचंय."

मी शेवटची उरलेली प्रत दिली. त्यांनी ती तिथेच चाळली.

"शेवटचं प्रकरण कुठाय?"

"माझ्या कादंबरीलाही शेवट नव्हता, अध्यक्षसाहेब."

"कुठली कादंबरी?" त्यांनी विचारलं. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी जे उराशी धरून बसले, ते त्यांच्या गावीही नव्हतं. त्याचा राग सगळ्यात जास्त आला.

"शेवट आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "नातीला पाठवा. इथे पाटीजवळ बसून वाचू दे. हातांना वास लागला तर लागला."

नात अजून आलेली नाही. ते प्रकरण मी रोज बाजाराला बरोबर नेते.