सासरचे शब्द

आपोलोनिया लग्न होऊन यिरुम गावाच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाला आली, त्या दिवशी सासूने तिला तीन गोष्टी बजावल्या. साबूच्या झाडाचा गर कुठल्या घाटावर धुवायचा, कुणाच्या सुपारीच्या झाडाला हात लावायचा नाही, आणि सासरच्या थोरल्या माणसांची नावं तोंडातून काढायची नाहीत. पहिल्या दोन गोष्टी आठवड्यात तिच्या अंगवळणी पडल्या. तिसरीला जन्म पुरला नाही.

यिरुमची जुनी नावं म्हणजे रोजचेच शब्द. तिच्या सासऱ्याचं नाव विस्तव, सासूचं पाणी, थोरल्या दिरांत एक कुत्रा, एक दगड आणि एक चंद्र. ते शब्द यिरुमच्या भाषेत कसे होते ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहायला आपोलोनियाची भीड पडते. नुसतं नाव टाळून भागत नसे. नावासारखा ऐकू येणारा शब्दही वर्ज्य. नणंदांचे नवरे, चुलत सासरे धरून तिच्या तोंडातले पन्नासेक शब्द कायमचे बंद झाले. मग बाई बोलणार कशी? त्याचीही सोय वाडवडिलांनी करून ठेवली होती. नदीच्या खालच्या अंगाला दोन तासांवर कांबेन हे मोठं गाव. त्यांची भाषा वेगळी, पण बहिणीच्या नात्याची. अडलेला शब्द त्यांच्याकडून आणायचा आणि आपल्या वाक्यात बसवायचा. विस्तव पेटवायचा यिरुमचा, म्हणायचा कांबेनचा. गावातल्या सगळ्याच सुना असं करत. फक्त जिचे सासरे वेगळे तिचे शब्द वेगळे.

यात अवघड काही नाही, असं पुरुषांना वाटे. त्यांना काय, सासुरवाडी वरच्या टोकाला. तिथे गेले की तोंड मिटून सुपारी चघळत बसायचे.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा एकदा आपोलोनियाच्या पोळ्या भाजायच्या खापरीवर एक मोकाट कुत्रा धावून आला. ती दचकली आणि माहेरचा शब्द तोंडातून गेला. ज्यांचं ते नाव, ते थोरले दीर अंगणातच बसले होते. ते उठून गेले. त्याच महिन्यात तिचा तान्हा मुलगा तापाने गेला. दवाखान्याचा माणूस म्हणाला, हिवताप होता. असेल. पण गावातल्या प्रत्येक बाईला खरं कारण माहीत होतं आणि आपोलोनियाला सगळ्यांत जास्त. नाव घेतलं की ते घरातल्या लेकराला भोवतं. त्यानंतर चाळीस वर्षांत तिची जीभ एकदाही घसरली नाही.

त्या चाळीस वर्षांत सासू-सासरे गेले, दीर गेले, नवराही गेला. माणूस मेला म्हणून नाव मोकळं होत नाही. यिरुममधे आता सात घरं उरली होती. पोरंटोरं बाजाराची पिजिन भाषा बोलत, आणि यिरुमची भाषा नीट बोलणारी माणसं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावीत इतकी. त्यात पुरुष एकच धड, तिचा धाकटा चुलत दीर सावेरे. आपोलोनियाचा मुलगा लाकडाच्या कंपनीत कामाला लागून किनाऱ्याकडे गेला, तो आपली पोरगी जूलिन आजीजवळ सोडून. आपोलोनियाने एकच हट्ट धरला. पोरीशी पिजिनमधे बोलायचं नाही. पोरीने पिजिनमधे काही मागितलं तर ही बहिरी व्हायची.

"भूक लागली असेल तर आपल्या भाषेत लागू दे," म्हणायची. पोरगी रडायची, पण शिकली. सात वर्षांची जूलिन अशी खणखणीत बोलायची की सावेरे सुद्धा म्हणायचा, "वहिनी, ही तुमचीच जीभ कापून लावलीय."

त्याच वर्षी गावात बातमी आली की सरकार लहान मुलांची शाळा ज्याच्या त्याच्या भाषेत काढणार. ज्या गावाची भाषा वेगळी, त्या गावाला वेगळी शाळा, वेगळं पुस्तक, मास्तरही गावातलाच. पण भाषा वेगळी की शेजाऱ्याचीच बोली, ते पाहणी करून ठरायचं होतं. नाही ठरली तर यिरुमच्या मुलांनी कांबेनच्या शाळेत जायचं आणि कांबेनचं पुस्तक वाचायचं. कांबेनची माणसं यिरुमला पूर्वीपासून 'शेपूट' म्हणत. आता ते सरकारी कागदावर चढणार की काय, ही सगळ्यांना धास्ती.

पाहणीवाली ऑलिव्ह मिस आली ती नेमकी सावेरे आणि बाकीचे पुरुष मयतीला वरच्या गावी गेले होते तेव्हा. किनाऱ्याकडची तरणी मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखलात बुडालेली, पण हसरी. तिच्याजवळ एक दिवस होता आणि एकशे सत्तर शब्दांची यादी. भाषा चांगली कोणाला येते, असं तिने विचारलं. बायकांनी आपोलोनियाला पुढे ढकललं.

आपोलोनियाने अंग धुतलं, चांगलं पोलकं घातलं आणि बसली. मिस पिजिनमधे शब्द विचारी, ही उत्तर देई, मिस यंत्रात भरून घेई आणि वहीत लिही. डोळा, कान, हात, सगळं सुरळीत. मग मिसने विचारलं, "विस्तव?"

आपोलोनिया थांबली. सासऱ्याचं नाव आहे म्हणून सांगावं, तर ते बोट दाखवून नाव घेतल्यासारखंच. काहीच न सांगावं, तर मिस लिहून नेणार की या गावाला विस्तवाला शब्दच नाही. कांबेनवाले ऐकून पोट धरून हसतील. शिवाय मिस लग्न झालेली दिसत होती. तिलाही सासरा असेल, ती समजून घेईल, असं आपोलोनियाला वाटलं. तिने चाळीस वर्षांच्या सवयीने कांबेनचा शब्द सांगितला. मग पाणी आलं, कुत्रा आला, दगड आला. संध्याकाळी मिसने तिचा हात हातात धरून आभार मानले, म्हणाली, आजी, इतकं न अडखळता कुणी सांगत नाही.

आठ महिन्यांनी कागद आला. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बेनेदिकने, म्हणजे सावेरेच्या मुलाने, तो साऱ्यांसमोर वाचला. या नदीकाठच्या भाषांचं एक कुटुंब आहे. ते इतर कुठल्याही मोठ्या कुटुंबात बसत नाही. पूर्वी यात पाच भाषा धरत, आता चार धराव्यात, कारण यिरुम आणि कांबेन यांचे शब्द शेकडा ऐंशीच्या वर जुळतात. सबब यिरुम ही कांबेनची बोली. माहिती देणार, आपोलोनिया.

मागे यादी जोडली होती. बेनेदिक एकेक शब्द वाचत गेला तसतशा बायकांच्या माना खाली गेल्या. त्यांनी ओळखलं. भाषा बहिणी-बहिणीच, अर्ध्याहून जास्त शब्द मुळातच सारखे. वर हिचे पन्नास पडले आणि पारडं कलंडलं.

सावेरेने यादी स्वतःच्या हातात घेतली. मग म्हणाला, "वहिनी, माझी वाट का नाही पाहिली?"

"मिसची बोट थांबणार नव्हती," ती म्हणाली.

कुणी तिला बोललं नाही. बायका म्हणाल्या, आम्ही बसलो असतो तरी हेच झालं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावायचा? पण तिला कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. घाटावर साबूचं खोड फोडताना ती कुऱ्हाडीचा घाव घाली आणि मधेच थांबून राही. माणसं मारून गाव बुडवणारे ऐकलेत. आपण शिस्तीत वागून बुडवलं, हे तिला कुठे ठेवावं ते कळेना.

सावेरेने ठरवलं होतं की पुन्हा कुणी आलं की यादी तो स्वतः देईल. पावसाळा संपता संपता त्याला खोकला धरला आणि दोन आठवड्यांत तो गेला. जूलिन आणि गावातली बाकीची चार मुलं कांबेनच्या शाळेत जाऊ लागली.

पुढच्या कोरड्या दिवसांत एका सकाळी कांबेनहून निरोप आला. ऑलिव्ह मिस दुसऱ्या नदीकडे जाता जाता तिथल्या बाजारात उतरली आहे, दुपारी निघेल. बेनेदिक शिकारीला गेला होता. आपोलोनियाने त्याची वाट पाहिली नाही. त्याच्या तोंडात आता निम्मी पिजिनच होती. तिने शाळेला सुट्टी म्हणून घरी असलेल्या जूलिनचा हात धरला आणि तिला होडीत बसवलं. ज्या घरात ती सून, त्याच घरात जूलिन लेक. पणजोबाचं नाव घ्यायला पणतीला कसली बंदी? हे आपल्याला आधी का सुचलं नाही, म्हणून वल्हं मारता मारता ती स्वतःवरच चरफडली. वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं.

बाजारात मिसने तिला ओळखलं. आपोलोनियाने पिजिनमधे, तोडक्यामोडक्या, सगळं सांगितलं. सुनेने काय म्हणायचं नसतं आणि यादीत काय चुकलं ते. मिसचा चेहरा उतरला. ती म्हणाली, हे मला कळायला हवं होतं, माझी आईही सासरची नावं टाळायची. पुन्हा पाहणी करायला कोणी पाठवणार नाही, पण आज शब्द मिळाले तर ती नवा कागद लिहील, आणि मग काय करायचं ते वरच्या लोकांना करावं लागेल. तिने यंत्र काढलं. भोवती कांबेनच्या बायका जमल्या. शेजारी एक जण चुलीवर साबूची धिरडी भाजत होती. मिसने चुलीतल्या विस्तवाकडे बोट केलं.

"हे काय गं? तुमच्या भाषेत?"

जूलिनने ताठ उभं राहून सांगितलं. कांबेनचा शब्द.

"तो यांचा झाला. तुमच्या गावचा सांग."

"आमचा हाच आहे," जूलिन म्हणाली. मिसने नदी दाखवली, कुत्रा दाखवला, दगड उचलून दाखवला. पोरगी न अडखळता, आजीच्याच हेलात, भराभरा सांगत गेली. सगळे कांबेनचे.

तिने पोरीला आपल्याकडे वळवलं. "जूलिन, नीट आठव. तुझ्या पणजोबाचं नाव काय होतं?"

"पेत्रुस," जूलिन म्हणाली. मिशनने ठेवलेलं. घरात तेच घेतलं जायचं.

कांबेनच्या बायका हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "शेपटाला काय, धड जाईल तिकडे जायचं."

मिसने यंत्र आपोलोनियासमोर धरलं आणि हळूच म्हणाली, "आजी, तुम्हीच म्हणा. एकदाच. ते सगळे तर कधीच गेले."

शब्द आपोलोनियाला आठवत होता. माहेरी अठरा वर्षं ती रोज म्हणत होती. आईच्या आवाजात तो आताही ऐकू येत होता. तिने तोंड उघडलं. जूलिन मान वर करून तिच्या ओठांकडे बघत होती. नऊ वर्षांची, एकुलती, गेल्या आठवड्यातच तापातून उठलेली. आपोलोनियाने तोंड मिटलं.

मिसने यंत्र तसंच धरून ठेवलं. मग बोटवाल्याने हाक मारली, आणि तिने वहीत काहीतरी लिहून यंत्र पिशवीत ठेवलं.

परतीला प्रवाहाविरुद्ध वल्हवायचं होतं. आपोलोनिया वल्हवत होती आणि मनाशी गावातलं एकेक घर मोजत होती. पूर्वी पोरं हे शब्द बापाकडून, आजोबाकडून, पुरुषांच्या ओसरीवर बसून उचलत. आता ओसरीवर पिजिन चालते. भाषा उरली ती बायकांच्या तोंडी, आणि बाया सगळ्या सुना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सातही घरांतल्या कुठल्याही लेकराला उभं केलं असतं तरी त्याने असेच शब्द सांगितले असते. कागद लिहिला गेला तेव्हा तो खोटा होता. आता तो खोटा राहिला नव्हता.

"आजी, मी चुकले का गं?" जूलिनने विचारलं.

"नाही," आपोलोनिया म्हणाली. "मी शिकवलं तस्संच सांगितलंस."