पाया पडायचं तर पलीकडं

लातूरला मी ज्या क्लासमध्ये शिकवतो, त्याच्या समोरच्या चौकात त्या रोज सकाळी उभ्या असतात. पांढरी साडी, पायात कापडी बूट आणि हातात मिटलेली छत्री. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. छत्री आडवी धरून गाड्या थांबवतात आणि पोरांना रस्ता पार करून देतात. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना बाईच म्हणतात.

महापालिकेची निवडणूक लागली तसे उमेदवार त्यांच्या पाया पडायला येऊ लागले. बाई ज्याचं नाव घेतील, त्याच्याकडं आजूबाजूच्या गल्ल्या वळतात, हे सगळ्यांना ठाऊक.

"इथं नको," बाई म्हणायच्या. "चालत पलीकडं चला, तिथं पडा."

एकासाठी कार्यकर्त्यांनी दोन्हीकडची वाहनं अडवली. तो नवरदेवासारखा हात जोडत पलीकडं गेला आणि वाकला. बाईंनी पाय मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी एक तरुण उमेदवार एकटीच आली. मध्यावर सिटी बस अंगावर आली तशी तिनं बाईंचा हात गच्च धरला. पलीकडं पोचल्यावर बिचारी पाया पडायचंच विसरली.

"हिलाच मत द्या," बाई आम्हाला म्हणाल्या. "पोरीचा हात घामानं भिजला होता. लई भ्याली. भ्यालेलं माणूसच रस्ता नीट करंल."

मला हसू आलं. तासाची वेळ झाली होती, म्हणून मी तसाच रस्त्यात उतरलो. एक ऑटो सुसाट आला आणि बाईंनी माझं मनगट धरून मला मागं ओढलं.

त्यांचा तळहात ओलाचिंब होता.