ओब्दुलियामावशी आणि न रडणारी मारिया

आमच्या कॅथेड्रलच्या किल्ल्या तीस वर्षं माझ्या कमरेला आहेत, पण येशूची आई मारिया, तिच्या मूर्तीच्या चेहऱ्याला हात लावायची माझी काय बिशाद! तो मान ओब्दुलियामावशीच्या घरचा. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी ती कांदा आणि ऑलिव्हचं तेल घेऊन यायची, मला बाहेर हाकलायची आणि क्रुसाखालच्या लाकडी मारियेचा चेहरा अर्ध्या कांद्यानं घासून तेलानं पुसायची. आधी तिची आई पुसायची. आईचे हात थरथरायला लागल्यापासून मावशीनं एक्कावन्न वर्षांत एकही बुधवार चुकवला नाही.

बाई भारी कडक. तिची नऊ वर्षांची लेक इनेस तापानं गेली, तेव्हा शवपेटी याच मारियेसमोर ठेवली होती. मावशीला हुंदका फुटणार, तोच आईनं दंड धरून बजावलं, "तिच्याकडे बघ. तिचा पोटचा गोळा क्रुसावर गेला. ती रडते का?" मावशीनं हुंदका गिळला तो गिळलाच. पुढं गावात कुणाचंही माणूस गेलं की हीही तेच ऐकवायची. माझी बायको गेली तेव्हा मलाही ऐकवलं. त्याचा राग अजून आहे मला.

यंदा मूर्तीच्या दुरुस्तीला वायादोलिद शहरातून निएवेस नावाची मुलगी आली. मावशीचा जीव टांगणीला लागला. आपला बुधवार राहतो की जातो? रोज येऊन बाकावर बसायची.

"पोरी, नीट पूस गं. कानामागं धूळ बसते तिच्या."

"हो आजी," निएवेस म्हणायची.

एका दुपारी तिनं आम्हाला जवळ बोलावलं. मावशीच्या आजीच्या काळातला एक फोटो तिला सापडला होता. तिनं भिंग दिलं. फोटोतल्या मारियेच्या गालांवर पाच अश्रू रंगवलेले होते. मावशीनं मान वर करून मूर्तीकडं पाहिलं. गाल कोरे.

"कुठं गेले?"

पोरीला खोटं बोलवेना. "आजी, कांद्यानं रंग उठतो. दरवर्षी थोडा थोडा."

"म्हणजे मी पुसले?"

"तुम्ही, तुमच्या आईनं. कुणी किती, ते आता कळायचं नाही. पण यापुढं हात नाही लावायचा."

मला वाटलं, आता बुधवारावरून कडाक्याचं भांडण होणार. बुधवाराचं तिनं नावही काढलं नाही.

"सातुर," ती मला म्हणाली, "ती रडत होती रे."

"हो मावशी."

"मग माझ्या इनेसच्या वेळी मला का नाही रडू दिलं?"

निएवेसनं हळूच विचारलं, "इनेस कोण, आजी?" मावशीनं सांगायला तोंड उघडलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई तिथंच फरशीवर बसली. एवढं मोठं रडणं मी त्या छताखाली कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला लोक यायला लागले होते. मी जाऊन मोठं दार आतून लावून घेतलं. बाहेरून कुणीतरी ठोठावत होतं. म्हटलं, थांबा जरा.