चौदा वह्या, तीन फाइली

एखादं सॉफ्टवेअर केवढं मोठं आहे ते मोजायला शिकवणारी एक परीक्षा असते. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला मी हे सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर आणखी एक तिळाचा लाडू ठेवला. दया आली असावी. "म्हणजे कापड मोजतात तसं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही याहून फारसं काही ठाऊक नव्हतं.

कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत मी बावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले. तिथे पाच जणांचा एक लहानसा गट आहे. नवं काम हातात घेण्याआधी ते केवढं होईल ते मोजून सांगायचं, एवढंच त्या गटाचं काम. त्याचा प्रमुख नोकरी सोडून गेला, जाताना अर्थातच स्वतःचं प्रमाणपत्रही घेऊन गेला, आणि तो गट माझ्या गळ्यात पडला. प्रमाणपत्र नसलेली प्रमुख वरच्यांना चालेना. साहेबांनी मला बोलावून सरळ सांगितलं, की दुर्गापूजेच्या आधी तुम्ही परीक्षा पास झालात तर गट कोलकात्यात राहील, नाही तर तो पुण्याच्या ऑफिसला जोडला जाईल आणि तुम्हालाही तिकडे जावं लागेल. वर हसून म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्ही तर घरीच जाल."

माझे आजोबा बँकेच्या बदलीवर इथे आले ते परत गेलेच नाहीत. बाबांचा जन्म इथला, माझाही इथलाच. पुण्यात मी आजवर सात लग्नांना आणि एका बाराव्याला गेले आहे. तिथल्या रिक्षावाल्याशी मी चांगलं मराठीत बोलते आणि तो मला हिंदीत उत्तर देतो. असं माझं घर.

आमच्या इथल्या घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणारे आता दमले आहेत. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला होते, जहाजात चढणाऱ्या मालाची मापं घ्यायच्या खात्यात. साहेबांचं बोलणं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते मटार सोलत होते.

"मी इथून हलणार नाही," ते म्हणाले. थोडे मटार सोलून झाल्यावर म्हणाले, "पास हो म्हणजे झालं."

मला असा राग आला म्हणून सांगू. मी पुण्याला गेले तर हे इथे एकटे. नोकरी सोडली तर सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरी कोण देणार. आणि हे महाशय दोन वाक्यांत माझा निकाल लावून मटारांकडे वळले. पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाहीत. मी मुकाट्याने पुस्तक उघडलं.

नियमांचं ते पुस्तक उशीला घेता येईल एवढं जाड होतं. त्याचं सार असं: सॉफ्टवेअर मोजताना प्रोग्रॅमच्या ओळी मोजायच्या नाहीत, लागलेले दिवस मोजायचे नाहीत. वापरणाऱ्याला त्यातून काय मिळतं तेवढंच मोजायचं. तो आत काय घालतो, बाहेर काय येतं, त्याला काय विचारता येतं, आणि त्याच्यासाठी कोणकोणती माहिती सांभाळून ठेवली जाते. प्रत्येकाला ठरलेले गुण, आणि त्या गुणांची बेरीज म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा आकार. वाचायला किती सोपं. पहिली सराव परीक्षा दिली आणि निम्मे प्रश्न चुकले.

दुसरीतही तेच. उत्तरं तपासायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. बरोबर उत्तरांची छापील यादी शेजारी ठेवून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, ते तांबड्या पेन्सिलीने फुल्या मारत. खाडाखोड केलेलं उत्तर बरोबर असलं तरी ते गुण देत नसत. हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही असं मी सांगून पाहिलं. "माझ्या खात्यात होता," ते म्हणाले.

एका रविवारी माझा पारा चढला. प्रश्न एका अहवालाचा होता. पुढच्या वर्षी कुठल्या दुकानात किती माल खपेल याचा अंदाज सांगणारा अहवाल, आत भलंमोठं गणित. मी त्याला भरभक्कम गुण दिले होते. उत्तरात लिहिलं होतं, एक अहवाल, मध्यम.

"मध्यम कसा असेल?" मी म्हणाले. "हा करायला चार माणसं दोन महिने राबली असतील. मी स्वतः असले प्रोग्रॅम लिहिलेत. डोळे फुटायची वेळ येते."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "गोदीत कापसाचा गठ्ठा यायचा. मी टेप लावायचो. लांबी, रुंदी, उंची. तो बांधायला किती हमाल लागले, कोणाची कंबर धरली, ते टेपवर कुठे दिसायचं? जहाजात तो जागा किती अडवणार, एवढाच प्रश्न असायचा."

"पण हमालाला वाईट वाटत असेल ना."

"वाटायचं. भांडायचे माझ्याशी. तू आत्ता भांडतेस तसेच."

मी उठून आत गेले. दार जरा जोरात लागलं. आत बसून पुन्हा माझी चुकलेली उत्तरं काढली आणि एकामागून एक पाहत गेले. जिथे जिथे फुली होती, तिथे तिथे मी माणसाला काय मिळालं ते मोजलं नव्हतं, मला किती त्रास झाला असता ते मोजलं होतं. बावीस वर्षं मान मोडून काम केलेल्या माणसाखेरीज ही चूक कोणी करणार नाही. कालच्या पोराला कळलं असतं ते मला कळत नव्हतं, कारण मला येत होतं. चडफडत बाहेर आले आणि बाबांना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." असं मी वर्षातून एखाद्या वेळी म्हणते, त्यामुळे त्यांनी तो दिवस साजरा करायला दुपारी मैद्याच्या पुऱ्या, म्हणजे इथल्या लुच्या, तळल्या.

त्यानंतर आमची शाळा नीट सुरू झाली. सरावासाठी मला खरंखुरं, आटोपशीर असं काहीतरी मोजायला हवं होतं. मंडळाचं ग्रंथालय बाबा सांभाळत. तीन कपाटं पुस्तकं आणि दर रविवारी येणारे दहाबारा वाचक. हे सगळं कॉम्प्युटरवर आणलं तर त्याचा आकार किती होईल, ते मी मोजायचं ठरवलं. बाबांनी आपल्या वह्या आणून टेबलावर मांडल्या. एकूण चौदा. कादंबऱ्यांची वेगळी, नाटकांची वेगळी, दिवाळी अंकांच्या दोन, आजीव सभासदांची, बदलीवाल्या सभासदांची, बदली होऊन पुस्तकासकट गेलेल्यांची, पाठ्यपुस्तकांची, पुस्तकावर चहा सांडणाऱ्यांचीसुद्धा एक.

मी दोन दिवस खपून लिहिलं: सांभाळून ठेवायच्या माहितीच्या फाइली, चौदा.

बाबांनी कागद वाचला. "चौदा कशा?"

"वह्या चौदा आहेत."

"वह्या माझ्या सोयीच्या. जाड वही घेऊन मला कपाटापर्यंत जाववत नाही म्हणून पातळ केल्यात." त्यांनी एकेक बोट दुमडत मोजलं. "ग्रंथालयात पुस्तकं असतात. वाचणारे असतात. आणि कुठलं पुस्तक कोणाकडे आहे ते असतं. चौथं काय असतं ते सांग."

मी चौथं शोधायला लागले. चहा सांडणारे म्हणून पाहिलं, पण तेही शेवटी वाचणारेच. मग नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात तेच लिहिलं होतं, फक्त अडीच पानांत: माहिती कशी ठेवली आहे ते बघू नका, वापरणाऱ्याच्या लेखी त्या किती गोष्टी आहेत ते बघा. तीन फाइली. ज्या माणसाने आयुष्यात कॉम्प्युटरवर पत्त्यांच्या डावापलीकडे काही केलं नाही, त्याने मला गार केलं होतं. मी चिडायचं ठरवलं, पण हसू यायला लागलं. बाबाही हसायला लागले, आणि मग किती तरी वेळ आम्ही दोघं त्या चौदा वह्यांकडे बघून हसत होतो.

ऑफिसात माझ्या गटातला डमडमचा एक मुलगा, म्हणजे चाळिशीचा, पण मला सगळेच मुलगे वाटतात, रोज जेवणाच्या सुट्टीत मला प्रश्न विचारी. उत्तर चुकलं की डबा बंद करता करता मान हलवी. "एटा होलो ना, दीदी," म्हणजे हे काही जमलं नाही. त्याची बायको डमडमच्या शाळेत शिकवते, आई जिना उतरू शकत नाही. पुण्याला जायची वेळ आली तर काय करणार, हे तो कधी बोलला नाही. प्रश्न मात्र एक दिवस चुकवला नाही.

बाबाही पुण्याचा विषय काढत नसत. मी कधी काढलाच तर "मी हलणार नाही, सांगितलंय ना" एवढंच. जसजशी परीक्षा जवळ आली तसतसं ते वाक्य मला छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायला लागलं. तीन विभागांत वेगवेगळं पास व्हायचं होतं, आणि तिसऱ्यात, म्हणजे पानभर वर्णन वाचून सगळं मोजायचं त्यात, मी अजूनही काठावर होते.

परीक्षेच्या दिवशी गल्लीत पूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहिले होते. बाबांनी माझ्या हातावर दहीसाखर ठेवली, मग उरलेल्या दह्यात बोट बुडवून इथल्या रीतीप्रमाणे कपाळाला टिळा लावला. धोका कशाला पत्करा, एक नाही तर दुसरं लागू पडेल. मेट्रोत ते दही वाळून माझं कपाळ ओढायला लागलं, पण पुसायचं धाडस झालं नाही.

पहिले दोन विभाग बरे गेले. तिसऱ्यात एका इस्पितळाचं वर्णन आलं. ऑपरेशनच्या खोल्यांचं वेळापत्रक आपोआप लावून देणारी यंत्रणा. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, खाटा, सगळ्यांच्या वेळा जुळवायच्या. वाचता वाचता माझी मान दुखायला लागली, कारण हे लिहिणाऱ्याची मान दुखली असणार हे मला कळत होतं. सहज हात मोठ्या आकड्याकडे गेला. मग मी थांबले. तिथल्या परिचारिकेला काय मिळतं? सकाळी एक कागद मिळतो. मी एक लिहिलं आणि पुढे गेले.

शेवटचं बटण दाबल्यावर निकाल लगेच पडद्यावर आला. तिन्ही विभागांपुढे पास. तिसऱ्यात अगदी काठाने, पण पास. बाहेर येऊन आधी डमडमच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "थांबा दीदी, आईला सांगून येतो," आणि फोन तसाच ठेवून गेला. मी रस्त्यात उभी राहून त्याच्या घरातला गलका ऐकत होते.

बाबांना फोनवर सांगितलं नाही. दारात उभी राहून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "छान झालं" म्हणाले, आणि पायात चपला सरकवून मिठाईच्या दुकानातून संदेश आणायला गेले. तेवढ्यात पुण्याहून आत्याचा फोन आला.

"पास झालीस? दादाने आत्ताच रस्त्यातून कळवलं. शाब्बास. मग त्या फ्लॅटवाल्याला मी नाही म्हणून सांगते हं."

"कुठला फ्लॅटवाला?"

"अगं, तळमजल्याचा. जुलैपासून दादाने माझ्या मागे लकडा लावलाय. तळमजला हवा, तुझ्या ऑफिसची बस दारातून मिळायला हवी, आणि तुला बंगाली भाजी मिळेल असा बाजार जवळ हवा. चार जागा बघितल्या मी त्याच्यासाठी. तुला बोलला नाही?"

मी काहीतरी म्हणून फोन ठेवला. मला रडू फुटलं. बाबा खोका घेऊन आले तेव्हाही मी रडतच होते, आणि त्यांना वाटलं की आनंदाने.

"जुलैपासून घर शोधताय," मी म्हणाले. "आणि मला काय सांगत होतात?"

बाबांनी खोका टेबलावर ठेवला. चोरी पकडली गेल्यावर करतात तसा चेहरा केला. "जायला तयार आहे म्हटलं असतं तर तू अभ्यास सोडला असतास. तुला ओळखतो मी."

"आणि नापास झाले असते तर?"

"तर मलाच पुण्याला जायचंय असं सांगणार होतो. तयारी केली होती. न्हाणीघरात म्हणून बघायचो."

"म्हणून दाखवा."

ते नको नको म्हणाले. मी हट्ट धरला. तेव्हा त्यांनी हातातला संदेश बशीत ठेवला, घसा साफ केला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "कंटाळा आला गं या शहराचा. शेवटची चार वर्षं आपल्या माणसांत काढावीत असं वाटतं. नेशील का मला?"

आवाज अगदी खरा होता. मी नापास झाले असते तर तो ऐकून आनंदाने सामान बांधलं असतं, आणि बाबांची एवढी एक इच्छा तरी आपण पुरी केली असं जन्मभर समजत राहिले असते.